मदत हवी आहे: गाजलेल्या कौटुंबिक थ्रिलरने निराशा केली, नेमकं बिनसलं कुठे?

रावपुरा_वाचक:
बडोद्यातल्या आमच्या वाचनगटाने एक बरीच गाजलेली कौटुंबिक थ्रिलर घेतली आहे. काहींची वाचून व्हायची आहे, म्हणून नाव देत नाही. दोन निवेदक आहेत: दारूच्या आहारी गेलेली बायको आणि शेजारीण. दोघी प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात बोलतात. घरातली मुलगी नाहीशी होते, त्या रात्रीचं बायकोला काहीच आठवत नाही. ३४० पानांच्या पुस्तकात ३१०व्या पानावर तिला एकदम सगळं आठवतं आणि गुन्हेगार शेजारीण निघते.

पानं भराभर उलटली, पण शेवटी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. गटात तसं म्हटलं की उत्तर तयार असतं, "ट्विस्ट आहे म्हटल्यावर धक्का बसणारच." लबाडी लेखिकेची की वाचताना आपलंच लक्ष नव्हतं, हे तपासायचं कसं?

दांडियाबाजार:
पूर्ण पुस्तक पुन्हा वाचू नका. शेजारणीची पहिली तीन प्रकरणं घ्या आणि शेवट माहीत आहे असं धरून एकेक वाक्य तपासा. खरं असेल तर सोडून द्या, काही गाळलं असेल तर समासात 'ग', चक्क खोटं असेल तर 'ख'. (ग्रंथालयाची प्रत असेल तर चिठ्ठ्या लावा, पेन्सिलसुद्धा नको.) 'ग' कितीही येऊ देत, तो लेखकाचा हक्कच आहे. 'ख' आला की विचारायचं, ती हे कोणाला सांगते आहे? पोलिसांना, नवऱ्याला किंवा डायरीत खोटं बोलली तर चालतं. स्वतःशी विचार करताना खोटं बोलली तर ते फक्त वाचकासाठी रचलेलं आहे.

गाळणं कसं असतं ते अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये पाहा. पत्र आठ चाळीसला आलं, मी आठ पन्नासला निघालो, असं निवेदक सांगतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मधली दहा मिनिटं तो गाळतो. पुन्हा वाचताना ती फट आपल्याला दिसते, म्हणून राग येत नाही, उलट लेखिकेला दाद द्यावीशी वाटते.

फतेगंज_मीरा:
बायकोच्या स्मृतीकडेही बघा. दारूमुळे पूर्ण विस्मृती आली असेल तर त्या वेळची आठवण मेंदूत साठवलीच जात नाही, मग ती शेवटी परत येणार कुठून? अर्धवट विस्मृतीत मात्र वास, आवाज, जागा अशा खुणेने तुकडे परत येतात, तेही तुटकच. त्या रात्रीबद्दल बायकोला आधी काय काय आठवतं ते कागदावर काढा. आधी पूर्ण कोरं आणि ३१०व्या पानावर संवादांसकट अख्खा प्रसंग, असं असेल तर ती लेखिकेने काढलेली पळवाट आहे.

रावपुरा_वाचक:
दोघांचे आभार. ४१व्या पानावर शेजारीण घरात एकटी असताना मनाशी म्हणते, "कोणी नेलं असेल तिला?" आणि बायकोच्या कागदावर ३१०व्या पानापर्यंत एकही तुकडा नाही.

दांडियाबाजार:
मग सरळ 'ख'. बचाव एकच उरतो, की शेजारीण स्वतःलाही फसवते आहे. तसं असेल तर आधी खुणा हव्यात: एखादी खोली टाळणं, एकाच दिवसाचे दोन वेगळे तपशील, विषय निघाला की वाक्य अर्धं सोडणं. अशा दोन-तीन खुणा सापडल्या तर लेखिकेला दोष देऊ नका. नाही सापडल्या तर गटात ४१वं पान मोठ्याने वाचा, मग ३१०वं. वाद घालावा लागणार नाही.

फतेगंज_मीरा:
पुढच्या महिन्यासाठी दाफ्ने द्यु मोरिएची 'रिबेका' (१९३८) सुचवते. २७ प्रकरणांपैकी विसाव्याच्या सुमारास गुपित फुटतं आणि पुढची प्रकरणं त्याच्या परिणामांवर जातात. शेवटच्या तीस पानांत सगळं कोंबलेलं नाही. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी करा, पण प्रती गटाला पुरतील का ते आधी विचारून घ्या.