शब्दचर्चा : ‘फेअरनेस’साठी ‘रास्तपणा’ चालेल का?

प्रश्न : अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या न्यायविचारावर टिपण लिहिताना ‘जस्टिस ॲज फेअरनेस’ या पदापाशी अडलो आहे. आधी ‘न्याय म्हणजे न्याय्यता’ असे लिहिले, पण त्यात ‘पाणी म्हणजे जल’ यापेक्षा अधिक काही सांगितले जात नाही. ‘निःपक्षपातीपणा’ योग्य ठरेल काय?

उत्तर : निःपक्षपातीपणा हा न्यायाधीशाचा किंवा पंचाचा गुण आहे, व्यवहाराला किंवा वाटणीला आपण निःपक्षपाती म्हणत नाही, रास्त म्हणतो. फारसीत ‘रास्त’ म्हणजे सरळ, योग्य. मराठीत तो इतका मुरला आहे की रास्त मागणी, रास्त भाव दुकान आणि उसाचा ‘रास्त व किफायतशीर दर’ यांत तो परका वाटत नाही. त्यामुळे माझा कौल ‘रास्तपणा’ला आहे.

मात्र ‘न्याय म्हणजे रास्तपणा’ असे लिहू नये. न्याय आणि रास्तपणा या संकल्पना एकच आहेत, असा या पदाचा अर्थ नव्हे, हे रॉल्स यांनी ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या 1971 च्या ग्रंथात स्वतःच स्पष्ट केले आहे. आपली जात, संपत्ती, बुद्धी यांपैकी काय वाट्याला येणार हे ठाऊक नसलेल्या माणसांनी, म्हणजे अज्ञानाच्या पडद्याआडून, समाजाची तत्त्वे ठरवली, तर ती ठरवण्याची स्थिती रास्त असते आणि म्हणून त्यातून निघणारी तत्त्वे न्याय्य ठरतात, असा तो युक्तिवाद आहे. म्हणून ‘रास्तपणावर आधारलेला न्याय’ हे लांबट असले तरी अचूक आहे.

प्रतिसाद : सूचना पटली, पण एक अडचण उरते. मराठीत ‘रास्त’ हे विशेषण बहुधा निष्पत्तीला लागते : दर रास्त, मागणी रास्त. उसाचा दर केंद्र सरकार ठरवते आणि तो रास्त नाही म्हणून शेतकरी आंदोलन करतात, तेव्हा वाद मुख्यतः आकड्याचा असतो. रॉल्स यांचा भर ठरवण्याच्या रीतीवर आहे.

उत्तर : आक्षेप रास्तच आहे. तरीही रीतीचे भान मराठी व्यवहारात नाही असे नाही : वाटे करणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलावा, ही रीत आपल्याला सांगावी लागत नाही, आणि केक कापणाऱ्याने शेवटचा तुकडा घ्यावा हे रॉल्स यांचेही उदाहरण आहे. टिपणात पहिल्या वापरापाशी ‘रास्त रीतीने ठरलेला न्याय’ असे लिहून पुढे ‘रास्तपणा’ वापरावा.