शनिवारच्या बैठकीसाठी मिल्स की हॉटिन?

ए-२०४, नाना
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये होणाऱ्या श्रवण-बैठकीसाठी टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर तयार होणाऱ्या ठेकेदार नृत्यसंगीताचा, एक मिक्स अल्बम (अनेक रचना एकमेकींत मिसळून सलग वाजवलेला अल्बम) निवडायचे ठरले आहे. मी डीजे जेफ मिल्स यांचा 'लाइव्ह ॲट द लिक्विड रूम, टोकियो' सुचवतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये तेव्हा टोकियोच्या शिंजुकू भागात असलेल्या लिक्विड रूम या क्लबात मिल्स यांनी तीन टर्नटेबलांवर (तबकड्या वाजवण्याच्या यंत्रांवर) जे वाजवले, ते १९९६ साली सीडीवर आले. साधारण तासाभरात त्यांनी तीसहून अधिक रचना वाजवल्या आहेत, म्हणजे एकीच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटे येतात, आणि त्या दोन मिनिटांतही बराच वेळ दुसऱ्या तबकडीवरची रचना तिच्याबरोबर वाजत असते. घाईत झालेल्या चुका आणि समोरच्या लोकांचा आरडाओरडा त्यात तसाच ठेवला आहे. जहाजावर नोकरीला असताना एका सहकाऱ्याने मला तो पहिल्यांदा ऐकवला, त्यानंतर मी तो किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही, पण प्रत्येक वेळी पहिल्या पाच मिनिटांत मी खुर्चीच्या कडेला येऊन बसतो.

सी-६०१, ताई
नाना, या अल्बमचे मोठेपण मला मान्य आहे, तरीही मी डीजे रिची हॉटिन यांच्या २००१ सालच्या 'डीई९ : क्लोजर टू द एडिट' या अल्बमचा आग्रह धरते. मी ध्वनिसंकलनाचे काम करते, त्यामुळे माझा कल कुठे असेल हे आपण ओळखालच, पण माझा मुद्दा केवळ आवडीचा नाही. क्लबात वाजवलेला सेट एकदाच ऐकायचा असतो, अल्बम मात्र घरी आणून पुनःपुन्हा ऐकला जातो. पहिल्यांदा जी चूक जिवंत वाटते, तीच दहाव्या वेळी, ती आता येणार हे ठाऊक असल्यामुळे, टोचू लागते. हॉटिन यांनी शंभरहून अधिक रचना घेतल्या, त्यांचे तीनशेहून अधिक लहान लहान तुकडे केले आणि त्या तुकड्यांतून तासापेक्षा थोडी कमी लांबीची सलग वीण तयार केली. एक रचना कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हा प्रश्नच तिथे उरत नाही, कारण कुठल्याही क्षणी दोन, तीन किंवा त्याहून अधिक रचनांचे अवयव एकत्र वाजत असतात. एका वादकाचा ढोल, दुसऱ्याची झांज आणि तिसऱ्याचा नुसता श्वास घेऊन चौथेच वाद्य घडवावे, असे ते काम आहे. मिक्स अल्बम ही स्वतंत्र कलाकृती आहे असे आपण म्हणत असू, तर ती अल्बमच्या माध्यमासाठी घडवलेली असावी, क्लबातल्या रात्रीची नुसती नोंद नसावी.

बी-७०३, माई
मी या संगीतात नवीन आहे, म्हणून मनापासून विचारते. नानांनी पाठवलेला भाग मी दोनदा ऐकला. ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच आहे असे वाटते. मग एका तबकडीवरून दुसरीवर गेले हे ऐकणाऱ्याने ओळखायचे कसे, आणि त्यात अवघड काय आहे?

बी-३०२, दादा
माई, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि ठोका तोच वाटणे हेच तर कौशल्य आहे. समजा एक तबकडी मिनिटाला १३३ ठोक्यांची आहे आणि दुसरी १३५ ची. दोन्ही एकत्र सोडल्या, तर पंधरा सेकंदांत त्यांच्यात अर्ध्या ठोक्याचे अंतर पडते आणि विसर्जनाच्या दिवशी चौकात दोन ढोल-ताशा पथके समोरासमोर आल्यावर होतो तसा कल्लोळ होतो. टर्नटेबलाच्या बाजूला वेग कमी-जास्त करण्याची एक सरकपट्टी असते, आणि टेक्निक्स कंपनीच्या ज्या यंत्रांवर ही पिढी वाढली त्यांत ती उणे ८ ते अधिक ८ टक्क्यांपर्यंत जाते. वाजवणारा एका कानाने हॉलमधला आवाज आणि दुसऱ्या कानाने हेडफोनमधली पुढची तबकडी ऐकत, हाताने चकती किंचित ढकलत किंवा अडवत दोन्ही वेग जुळवतो. आपण अंधेरीहून वांद्र्याकडे धीम्या लोकलने जात असताना शेजारच्या रुळावर जलद लोकल येते आणि काही क्षण दोन्ही गाड्यांचा वेग असा जुळतो की समोरच्या खिडकीतला माणूस जागच्या जागी बसल्यासारखा दिसतो. तो क्षण धरून ठेवायचा आणि त्या वेळात माणसांना एका गाडीतून दुसऱ्या गाडीत न्यायचे, असे हे काम आहे. मिल्स ते तीन गाड्यांमध्ये करतात, आणि दर दोन मिनिटांनी करतात.

आणखी एक अडचण सांगतो. तबकडीचा वेग वाढवला की तिचा सूरही चढतो. सहा टक्के वेग वाढवला तर तो जवळजवळ एक अर्धस्वर, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या पट्टीइतका, वर जातो. त्यामुळे ठोका जुळला म्हणजे सगळे जुळले असे होत नाही. बदल ओळखण्यासाठी ठोक्याकडे लक्ष न देता खर्जाकडे, म्हणजे खालच्या जाड आवाजाकडे (बास), लक्ष द्यावे. एका तबकडीचा खर्ज काढून घेऊन दुसरीचा आत सोडला जातो, तेव्हा पायाखालची फरशी बदलल्यासारखे वाटते.

बी-७०३, माई
खर्जाकडे लक्ष ठेवून पुन्हा ऐकले. आता दोन ठिकाणी बदल स्पष्ट कळला. मनापासून आभार.

ए-१०३, गुरुजी
चर्चेत भाग घेण्याचा माझा अधिकार तबल्यापुरता आहे, तरी दोन्ही अल्बम पूर्ण ऐकले म्हणून लिहितो. तबल्याच्या एकलवादनात संवादिनीवर लेहरा चालू असतो. तोच सुरांचा तुकडा अर्धा-पाऊण तास फिरत राहतो, आणि नवख्या माणसाला तो कंटाळवाणा वाटतो, पण त्या न बदलणाऱ्या लेहऱ्यामुळेच तबलजी समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, किती दूर गेला आणि कसा परत आला हे कळते. या संगीतातला चार मात्रांचा ठोका मला लेहऱ्यासारखा वाटला. बहुतेक बदल सोळा किंवा बत्तीस ठोक्यांनी येतात, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाच्या एक-दोन आवर्तनांनी, आणि एकदा ते अंगात भिनले की पुढचा बदल कुठे यायला हवा याची अपेक्षा आपोआप तयार होते.

आता माझे मत. ताईंनी सांगितलेल्या अल्बमची रचना निर्दोष आहे, परंतु निर्दोष असल्यामुळेच मला त्यात समेची ओढ जाणवली नाही, कारण चुकण्याची शक्यताच शिल्लक नाही. मिल्स यांच्या अल्बममध्ये एके ठिकाणी दोन तबकड्या सुटू लागतात, काही मात्रा लय डळमळते, आणि मग त्यांचा हात ती सावरून घेतो. मी ते ऐकताना मांडीवर ताल धरून बसलो होतो आणि लय सावरली तेव्हा माझ्या तोंडून आपसूक दाद गेली. ताई म्हणतात की दहाव्या वेळी चूक टोचते. मी माझ्या गुरूंच्या जुन्या ध्वनिमुद्रणातली एक सुटलेली तिहाई (तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा) चाळीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि ती मला अजून टोचलेली नाही.

सी-६०१, ताई
गुरुजी, आपल्या शेवटच्या वाक्याने मी बराच वेळ विचारात पडले. तरी एक निवेदन करते. हॉटिन यांच्या कामात धोका नाही असे नाही, तो वेगळ्या जागी आहे. शंभर रचनांतून काय टाकायचे हा निर्णय प्रत्येक सेकंदाला घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर सावरायला पुढची तबकडी नसते, सगळी वीणच उसवावी लागते. आमच्या घरी आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आहे. तिच्या टाक्यांत घाई दिसत नाही, म्हणून ती शिवताना आजीला विचार करावा लागला नाही असे आपण म्हणणार नाही.

ए-२०४, नाना
ताई, गोधडीची उपमा सुंदर आहे, पण ती माझ्याच बाजूने उभी राहते असे मला वाटते. गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा आपल्याला ओळखता येतो, म्हणून तर ती पांघरताना ऊब वाटते. 'डीई९' मध्ये तुकडे इतके बारीक केले आहेत की मूळ रचनाकाराची ओळखच पुसली जाते. रचनाकारांची नावे छापलेली आहेत, परंतु कानाला ऐकू येतात ते एकटे हॉटिन. याउलट मिल्स यांच्या अल्बममध्ये डेरिक मे यांची १९८७ सालची 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' येते, तेव्हा ती पियानोसह, स्वतःच्या पूर्ण चेहऱ्याने येते. त्या रचनेला मुळात खर्जाची वेगळी ओळच नाही. आजूबाजूच्या काळ्याकुट्ट, ठोकळेबाज रचनांमध्ये ती आली की एकदम खिडकी उघडल्यासारखे होते, आणि मिल्स यांनी ती कुठे ठेवली आहे हे पाहिले की मिक्स करणाऱ्याचे काम काय असते ते कळते. दुसऱ्याची रचना तिच्या मालकाच्या नावाने ऐकवायची, पण अशा जागी ऐकवायची की ती नव्याने ऐकू यावी. पुढे जगभर गाजलेली त्यांची स्वतःची 'द बेल्स' सुद्धा याच अल्बममध्ये आहे, आणि तिलाही त्यांनी इतरांपेक्षा जास्त मान दिलेला नाही.

मिल्स हे डेट्रॉइटचे, म्हणजे टेक्नो जिथे जन्मले त्या अमेरिकेतल्या शहराचे. १९८० च्या दशकात 'द विझर्ड' या नावाने ते तिथल्या रेडिओवर तबकड्या वाजवत, आणि रेडिओच्या ठरावीक वेळेत जास्तीत जास्त रचना बसवण्याची ती सवय टोकियोतही दिसते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

बी-३०२, दादा
नाना, त्याच न्यायाने हॉटिन यांचेही पाहावे. ते नदीपलीकडच्या विंडसर या कॅनडातल्या शहराजवळ वाढले आणि सीमा ओलांडून डेट्रॉइटच्या क्लबांत ऐकायला जात. ज्याने तेच संगीत पलीकडच्या काठावरून ऐकले, तो ते सुटे करून पाहील हेही स्वाभाविक आहे. आणि त्यांनी हाताने वाजवणे सोडले होते असेही नाही. १९९९ सालच्या 'डेक्स, ईएफएक्स अँड ९०९' मध्ये टर्नटेबले आणि ध्वनिपरिणामांची यंत्रे आहेत, शिवाय रोलंड या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीचे ९०९ हे तालयंत्रही आहे. त्यानंतर दोन वर्षांनी ते पूर्ण कापाकापीकडे वळले. शिवाय मूळ रचनाकाराचा मुद्दा धरला, तर डीजे रिकार्डो व्हिलालोबोस यांच्या २००७ सालच्या 'फॅब्रिक ३६' चे काय करायचे? मिक्स मालिकेतल्या त्या सीडीत सगळे साहित्य त्यांच्याच निर्मितीचे आहे. तरीही तो मिक्स म्हणूनच ऐकला जातो, कारण त्यातला आनंद एका रचनेतून दुसरीत जाण्याचाच आहे.

डी-४०१, काकू
आपण मुंबईत बसून डेट्रॉइट आणि टोकियोबद्दल बोलत आहोत, म्हणून आठवण करून देते की आपल्याच शहरातल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडचीच ८०८ आणि ३०३ ही यंत्रे वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. त्या वेळी त्या तबकडीची फारशी दखल घेतली गेली नाही, पण २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या लोकांनी कान टवकारले. शनिवारी तीच ऐकावी का?

ए-२०४, नाना
काकू, ती तबकडी अवश्य ऐकायची आहे, पण तो मिक्स नाही. त्यात प्रत्येक राग स्वतंत्र सुरू होतो आणि स्वतंत्र संपतो, आणि आपला या वेळचा प्रश्न मधल्या सांध्याचा आहे. तिच्यासाठी पुढची वेगळी बैठक घेऊ. गुरुजींनी त्या दिवशी रागांबद्दल बोलावे अशी माझी विनंती आहे.

ए-१०३, गुरुजी
आनंदाने बोलेन.

सी-६०१, ताई
मी रात्री हेडफोन लावून मिल्स पुन्हा पूर्ण ऐकला. दादांच्या व्हिलालोबोसच्या उदाहरणाने माझी बाजू बळकट झाली असे मला अजूनही वाटते, आणि हॉटिन यांचा अल्बम रचना म्हणून श्रेष्ठ आहे हे माझे मत कायम आहे. परंतु एक गोष्ट लक्षात आली. 'डीई९' ऐकताना मला एकटीला, डोळे मिटून, प्रत्येक तुकड्याच्या कडा ऐकायच्या असतात. खोलीत कोणी बोलले तरी मला राग येतो. मिल्स ऐकताना मात्र सीडीतल्या त्या टोकियोच्या गर्दीबरोबर आपणही उभे असावे असे वाटते, आणि 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' आली तेव्हा शेजारी कोणी असते तर बरे झाले असते असे मला खरोखर वाटले. पंचवीस-तीस जणांनी एकत्र बसून ऐकायचे असेल, तर शनिवारी मिल्सच असावेत. 'डीई९' ज्यांना ऐकायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. चांगले हेडफोन दोन आहेत, म्हणून एका वेळी दोघांनीच यावे.

सचिव
निर्णयाची नोंद घेतली आहे. बैठक सायंकाळी सात वाजता सुरू होईल आणि साडेनऊपर्यंत संपवावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे, त्यामुळे आवाज हॉलच्या भिंतींच्या आत राहील याची काळजी घ्यावी. हॉलखाली तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. खर्जाचा मोठा स्पीकर थेट फरशीवर ठेवू नये, खाली जाड सतरंजी आणि रबराचे तुकडे घालावेत. आजींशी मी स्वतः बोललो आहे, त्यांची हरकत नाही.

बी-३०२, दादा
एक तांत्रिक विनंती. कृपया कोणीही हा अल्बम फोनवरून वाजवू नये. सीडीवर तो वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये विभागलेला आहे, आणि काही फोन व ॲप दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर शांतता सोडतात. ज्या सांध्यासाठी आपण जमणार आहोत, तिथेच ती फट पडेल. माझ्याकडचा जुना सीडी प्लेअर मी घेऊन येतो. त्याची भिंग-सफाई आजच केली आहे.

ए-२०४, नाना
सीडी माझ्याकडची आणतो. तिच्यावर एक ओरखडा आहे, पण दादांच्या प्लेअरवर ती अडते का हे पाहण्यासाठी मी शुक्रवारी संध्याकाळी बी-३०२ मध्ये येतो.