पहिली मध्ययुगीन युरोपीय तलवार (प्रतिकृती) घ्यायची आहे, सल्ला हवा

नेरूळकर:
नमस्कार. युरोपच्या मध्ययुगावरचे वाचन बरीच वर्षे चालू आहे आणि आता त्या काळातील, एका हाताने पेलायच्या तलवारीची एक चांगली प्रतिकृती घरी असावी असे वाटते. ती चालवण्याचा विचार नाही. पण हातात घेतल्यावर वजन, तोल आणि घडण मूळ तलवारीच्या जवळ जाणारी वाटावी, एवढी अपेक्षा आहे. पाहणी केली तेव्हा एका टोकाला अगदी स्वस्त, चकचकीत स्टेनलेस तलवारी दिसल्या, दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील अल्बियनसारख्या, हजार डॉलरच्या पुढच्या, आणि मध्ये डेहराडूनच्या विंडलासच्या. पोलाद कोणते असावे, कोणत्या शतकाचा नमुना निवडावा आणि खाडीकाठच्या दमट हवेत ती टिकेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घोडबंदरी:
स्टेनलेसचा विचार सोडून द्यावा. सुरीला ते उत्तम. परंतु लांब पात्याला लागणारी लवचीकता त्यात नसल्यामुळे जोराचा हादरा बसला तर पाते वाकण्याऐवजी तुटते. मध्यम ते उच्च कार्बनचे, नीट पाणी दिलेले पोलाद असावे. कार्बन पोलादात १०६० किंवा १०७५, स्प्रिंगच्या पोलादात ५१६० किंवा ६१५० हे आकडे वर्णनात दिसले तर पुढे वाचावे. कठीणपणा रॉकवेल मापाने ४८ ते ५२ च्या आसपास असला की पाते वाकून पुन्हा सरळ होते. नुसते ‘दमास्कस’ लिहिलेले असेल, तर नागमोडी नक्षीसाठी जादा पैसे मोजू नयेत. युरोपात निरनिराळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून नक्षीदार पाती घडवण्याची रीत दहाव्या शतकापर्यंत मागे पडली होती, त्यामुळे तेराव्या शतकाच्या तलवारीवर ती नक्षी शोभतही नाही.

मात्र खरी परीक्षा पोलादाची नसून पात्याच्या उताराची आहे, आणि नेमके तेच विक्रेते सांगत नाहीत. मूळ तलवारींची पाती मुठीपासून अणीकडे जाताना रुंदीप्रमाणेच जाडीतही कमी होत जातात; मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर असलेले पाते अणीजवळ दोन-तीन मिलिमीटरवर येते. स्वस्त प्रतिकृतीत एकाच जाडीची पट्टी कापून तिला तलवारीचा आकार दिलेला असतो, म्हणून टोक जड होते आणि तलवार हातात पहारीसारखी वाटते. ‘खऱ्या तलवारी फार जड असत’ हा समज बहुधा अशाच प्रतिकृतींनी पसरवला असावा. प्रत्यक्षात एका हाताच्या मध्ययुगीन तलवारींचे वजन साधारण एक ते दीड किलोच्या आत असे. तेव्हा विक्रेत्याला चार गोष्टी लेखी विचाराव्यात: एकूण वजन, मुठीपाशी आणि अणीपाशी जाडी, तोलाचा बिंदू मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या दांडीपासून किती अंतरावर आहे, आणि पात्याचा जो भाग मुठीत शिरतो तो एकसंध आहे की वेगळी सळई झाळून जोडली आहे. तोलाचा बिंदू दहा ते पंधरा सेंटिमीटरमध्ये असेल तर उत्तम. झाळलेली सळई असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नये. फिरवताना पाते मुठीतून निसटण्याचे तेच मुख्य कारण असते.

नमुन्याविषयी म्हणाल तर तलवारींचे इंग्रज अभ्यासक इवर्ट ओकशॉट यांची वर्गवारी हाताशी ठेवावी. त्यांनी मध्ययुगीन तलवारींचे दहाव्या क्रमांकापासून बाविसाव्यापर्यंत (X ते XXII) प्रकार पाडले आणि आजचे सगळे चांगले कारागीर तीच भाषा बोलतात. ज्या वर्णनात प्रकाराचा क्रमांक नाही आणि नुसते ‘नाइट स्वोर्ड’ लिहिले आहे, ते बहुतेक वेळा कल्पनेतून काढलेले असते.

पाचपाखाडी:
वरील सर्व मान्य, पण क्रम चुकला आहे. आधी कायदा, मग पोलाद. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या व्याख्येत धारदार हत्यारे येतात. केवळ खेळणे म्हणून वापरता येणारी आणि वापरायोग्य शस्त्रात रूपांतर न होऊ शकणारी वस्तू, तसेच केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वस्तू, एवढेच त्यातून वगळले आहे. चांगल्या पोलादाची बोथट तलवार दगडावर घासली की धार येते, म्हणून ‘ही तर प्रतिकृती आहे’ एवढ्याने आपण सुटत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १० नुसार शस्त्र देशात आणायला परवाना लागतो, त्यामुळे अमेरिकेची तलवार कस्टममध्ये अडकण्याची तयारी ठेवावी. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल, तर तलवार घेऊन रस्त्याने जाणे हाच गुन्हा ठरतो, आणि असे आदेश सणासुदीला वरचेवर निघतात. नेरूळ नवी मुंबई आयुक्तालयात येते, ठाण्यात नव्हे. तेथील शस्त्र परवाना शाखेकडे वजन, लांबी आणि छायाचित्र देऊन लेखी विचारणा करावी आणि उत्तर हाती येईपर्यंत मागणी नोंदवू नये. विक्रेता ‘काही लागत नाही’ म्हणतो, पण चौकशीला तो येत नाही.

नेरूळकर:
दोघांचेही आभार. आयात हा विषय माझ्यापुरता संपला. परवाना शाखेला अर्ज देतो आणि तोवर नमुना ठरवतो. मन बाराव्या आणि पंधराव्या प्रकारात अडकले आहे.

घोडबंदरी:
पहिल्या तलवारीला बारावा प्रकार घ्या. तो बारा-तेराव्या शतकातला, साखळीच्या चिलखताच्या काळातला. रुंद पाते, मधोमध अर्ध्याहून अधिक लांबीची उभी खोलगट पन्हळ, कापण्याला आणि भोसकण्याला दोन्हीला योग्य. त्या पन्हळीने ताकद फारशी न घटता वजन कमी होते, आणि ती नीट, सरळ, कडा स्पष्ट अशी घडवली आहे की नाही हे पाहिले की कारागिराचा हात कळतो. पंधराव्या प्रकारात पाते झपाट्याने निमुळते होऊन टोकाशी सुईसारखे होते आणि आडवा छेद पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा असतो. पत्र्याच्या चिलखताच्या फटी शोधण्यासाठी तो आला. दिसायला देखणा, पण त्याचा मधला उभा कणा सरळ राखणे अवघड, आणि मध्यम किमतीच्या तलवारीत तो बहुधा लाटा खातो.

विंडलास १९४३ पासून डेहराडूनला आहे आणि आयातीचा प्रश्न येत नाही, म्हणून आपल्यासारख्यांना तीच वाट सोयीची. मात्र एकाच कारखान्याची सर्व मॉडेल सारखी नसतात. जाडीचे आकडे मॉडेलवार मागावेत. मुठीच्या टोकाचा लट्टू पेचाने आवळलेला असेल तर तो अधूनमधून तपासावा, ठोकून पक्का केलेला असेल तर अधिक चांगले. शक्य असल्यास आधी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील शस्त्रदालन पाहावे. तिथे पाहायची ती मुख्यतः भारतीय शस्त्रे, परंतु जुन्या घडणीतली प्रमाणे डोळ्यांत बसली की नकली लगेच खटकते. आणि एक जाता जाता: पोर्तुगीजांच्या व्यापारातून आलेली युरोपीय पाती इकडच्या मुठींत बसवून आपल्या लोकांनी फिरंग वापरली, तेव्हा आपली आवड इथल्या मातीला तितकीशी परकी नाही.

कळवा_खारीगाव:
टिकण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. तलवार म्यानात ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि जून ते सप्टेंबरमध्ये पाते आतून गंजते. हात लागला की घामाचे डाग कोरड्या सुती कापडाने लगेच पुसावेत, मग शिलाई यंत्राचे खनिज तेल पातळ लावावे. खोबरेल किंवा तिळाचे नको, ते चिकट होऊन धूळ धरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा पुरते. बाथरूमला लागून असलेली भिंत टाळावी, आणि टांगणी मुलांच्या हाताबाहेर, कुलपाची असावी.