एसटीच्या फेरीचं मोजमाप कशावर करायचं: भारमानावर की पोहोचलेल्या माणसांवर?

बालाघाटकर
मराठवाडा विभागाच्या वाहतूक आराखड्याला आकड्यातलं लक्ष्य हवंच. पण मोजायचं काय? आज फेरी तोलतात भारमानावर, म्हणजे किती आसनं भरली त्यावर. ४४ आसनांच्या गाडीत ११ जण बसले की भारमान २५ टक्के, आणि फेरी बंद करायच्या यादीत. त्या ११ जणांत तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या मुली असतात, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं असतात. फेरी बंद झाली की पोरीचं शिक्षणच सुटतं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी माझं लक्ष्य असं: गावातून सकाळी १० च्या आत तालुक्याला पोचता यावं आणि दिवेलागणीच्या आत घरी परतता यावं. किती गावांना हे जमतं, ते दरवर्षी जाहीर करा.

आगारातला माणूस
भारमानाला एवढं बोलू नका. तो आकडा नसेल तर गाडी ज्याचं वजन त्याच्याच गावाला जाईल. आम्हाला जाब विचारतात तो उत्पन्नाचा. डिझेल, टायर, पगार कशातून भागवायचे? तुमच्या लक्ष्याचा तोटा कोण सोसणार, ते आधी लिहा.

बालाघाटकर
शासनानं. मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींच्या निळ्या बसना सरकारच पैसा देतं ना? तसंच प्रत्येक फेरीमागे द्यावं. आगाराच्या गळ्यात तोटा बांधायचा आणि वर सेवाही मागायची, हे मलाही पटत नाही.

गोदाकाठ
माझा लक्ष्यांवरच विश्वास नाही. २००० साली ग्रामसडक योजना आली. सपाट भागात ५०० लोकवस्तीच्या वर असलेली वस्ती बारमाही रस्त्यानं जोडायची, हे लक्ष्य. रस्ता झाला की वस्ती जोडली गेली. त्या रस्त्यावरून गाडी येते का, हे त्या लक्ष्यात कुठेच नव्हतं. आपल्या काळ्या मातीत रस्ता फुगतो, भेगाळतो, तरी कागदावर वस्ती जोडलेलीच. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेला १९९५ ला मंजुरी मिळाली आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मुदत उलटली म्हणून कुणाचं काय बिघडलं?

मांजरातीर
मुद्दा तिथेच आहे, चुकल्यावर काय होतं? अमेरिकेत २०१२ च्या कायद्यानं राज्यांना अपघाती मृत्यू, रस्त्याची अवस्था, प्रवासवेळेचा भरवसा यांची लक्ष्यं ठरवणं बंधनकारक केलं. मृत्यूंचा हिशेब पाच वर्षांच्या सरासरीनं होतो. सुरक्षेचं लक्ष्य हुकलं तर ठरावीक निधी सुरक्षेवरच खर्चावा लागतो.

गोदाकाठ
आणि तिथल्याच काही राज्यांनी मृत्यू वाढतील असं लक्ष्य लिहून दिलं, तेही सांगा. लक्ष्य ठरवणारा आणि गाठणारा एकच असला की हेच होणार.

आगारातला माणूस
मग तपासणी ग्रामसभेकडे द्या. गाडी आली की नाही, हे गावाइतकं कुणाला ठाऊक नसतं. रद्द झालेल्या फेऱ्या कारणासकट गावात लावायच्या, चालक नव्हता की गाडी बिघडली. एवढं होणार असेल आणि तोट्याचा पैसा वेळेवर येणार असेल, तर भारमानाचा रकाना मागे गेला तरी माझी हरकत नाही. पण काढून टाकू नका.