मुंबईतच राहणाऱ्या विधी विद्यार्थिनीला शुल्काखेरीजच्या खर्चासाठी मदत कुठे मिळेल?

नमस्कार. मानखुर्दच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी शिकवते. तिथली एक विद्यार्थिनी बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. वडील टेम्पो चालवतात, आई घरकाम करते आणि महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली ती पहिलीच. ती अनुसूचित जातीची आहे. जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका असे सारे कागद तिने वेळेत जमवले आहेत.

उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याने महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे. परंतु रक्कम येईपर्यंत संपूर्ण शुल्क आधी भरावे, असे महाविद्यालयाचे म्हणणे पडले आणि वडिलांनी ते व्याजाने पैसे काढून भरले. पुढच्या वर्षी हे टाळण्यासाठी कार्यालयात नेमका कोणता शासन निर्णय दाखवावा, हे कोणी सांगू शकेल का?

माझा मुख्य प्रश्न मात्र निर्वाहाचा आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि मुंबईत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे. पण विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा, ही तिची अट आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांची गरज खरीच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत अभ्यास करणारी मुलगी केवळ मुंबईची म्हणून वगळली जाते, हे मला पटत नाही. घरून ये-जा करणाऱ्यांना शिष्यवृत्तीतून मिळणारा भत्ता तर फारच तुटपुंजा आहे.

पुस्तकांचेही तसेच. पूर्वी वरच्या वर्गातल्यांची किंवा फोर्टच्या पदपथावरची जुनी पुस्तके घेऊन निभावून जात असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी नवे कायदे आल्यामुळे फौजदारी विषयांची पुस्तके नवीनच घ्यावी लागतात. शिवाय इंटर्नशिप बहुधा बिनपगारी असते. सुट्टीत शिकवण्या घेऊन चार पैसे मिळवायचे की वकिलांच्या कार्यालयात फुकट काम शिकायचे, हा पेच तिच्यापुढे आताच उभा आहे.

सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, खर्चाचा घोर तेवढा कमी झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून नोंदणीसाठी १२५ रुपयांहून अधिक घेता येत नाहीत.

स्थानिक विधी विद्यार्थ्यांना पुस्तके व प्रवासखर्च देणारे मुंबईतले विश्वस्त निधी आपल्या माहितीत असल्यास कृपया नाव आणि अर्जाचा महिना कळवावा. उच्च न्यायालयात किंवा कुर्ला, वांद्रे येथील न्यायालयांत वकिली करणाऱ्या सदस्यांपैकी कोणी तिला सुट्टीत निदान जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च देऊन काम शिकवणार असेल, तर तेही जरूर लिहावे.