चर्चा : जोसन काळात मुलींचा वाटा कोणी बुडवला, शास्त्राने की जमिनीने?

नीलमोहर (धागाकर्ता)

कोरियन ऐतिहासिक मालिका पाहून आपल्याकडे एक समज पक्का झाला आहे, तो असा की त्या देशात पहिल्यापासूनच थोरला मुलगा सर्वांचा धनी, मुलगी परक्याचे धन आणि विधवेचे दुसरे लग्न म्हणजे कुळाला बट्टा. माझ्या मते ही व्यवस्था सनातन नाही, ती जोसन राजवटीच्या (१३९२–१९१०) साधारण मध्यावर घट्ट झाली आणि ती घट्ट होण्याचे मुख्य कारण कन्फ्यूशियसचे शास्त्र नसून जमिनीची टंचाई हे होते. दोन कागद समोर ठेवतो.

पहिला कागद १५६६ सालचा. यी इ, म्हणजे युलगोक या नावाने ओळखले जाणारे तत्त्ववेत्ते (आजच्या ५,००० वॉनच्या नोटेवरचे), आणि त्यांची भावंडे वडिलांच्या पश्चात वाटणीला बसली. चार भाऊ, तीन बहिणी. पूर्वजांच्या श्राद्धकर्मासाठी काही हिस्सा आधी बाजूला काढला आणि उरलेली शेते व दास-दासी सातही भावंडांत जवळजवळ सारख्या वाटून घेतल्या. वडिलांची उपपत्नी क्वोन हिलाही त्यात काही मिळाले. दुसरा कागद १६६९ सालचा, नैऋत्येकडील बुआन येथील किम घराण्याचा. त्यात कर्ता पुरुष स्पष्ट लिहितो की मुली लग्नानंतर दुसऱ्या घरच्या होतात, जावई आणि लेकीकडचे नातू श्राद्धात हयगय करतात, म्हणून आमच्या घरात यापुढे श्राद्ध मुलींकडे जाणार नाही आणि मुलीला मुलाच्या एकतृतीयांश वाटा मिळेल.

आता गंमत पाहा. १४८५ साली अमलात आलेल्या ‘ग्योंगुक देजोन’ या राज्याच्या मूळ विधिसंहितेत विवाहित पत्नीच्या मुलगे-मुलींना समान वाटा सांगितला आहे, श्राद्ध चालवणाऱ्याला तेवढा एकपंचमांश अधिक. हे कलम सरकारने काढून टाकले नाही, ते घराघरांनी आपल्या वाटणीपत्रांतून निकामी केले. शास्त्रनिष्ठ सरकार समान वाटा सांगते आहे आणि लोक तो मोडत आहेत, तर मग दोष शास्त्राचा कसा? १५९२ ते १५९८ च्या जपानी स्वाऱ्यांनी देश उजाड झाला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या सारखे तुकडे पडत गेल्यावर खानदानी यांगबान घराण्याकडे खानदानीपणा टिकवण्यापुरतीही जमीन उरत नव्हती.

दप्तरदार

धागाकर्त्यांनी वाटणीपत्रापासून सुरुवात केली, म्हणून उत्तर जमीन असे आले. लग्नापासून सुरुवात केली असती तर वेगळे आले असते. १४१३ साली पत्नी असताना दुसरी पत्नी करण्यास मनाई झाली. त्याआधीच्या गोर्यो काळात एका पुरुषाच्या एकापेक्षा अधिक पत्नी बरोबरीच्या दर्जाने नांदू शकत. आता एक पत्नी आणि बाकीच्या उपपत्नी. १४१५ मध्ये उपपत्नीच्या संततीला मानाची पदे देऊ नयेत असा प्रस्ताव दरबारात आला, आणि १४८५ च्या संहितेत उपपत्नीची मुले-नातवंडे तसेच पुनर्विवाहित स्त्रीची मुले मुलकी सेवेच्या परीक्षेतून बाद झाली.

यात जमिनीचा संबंध कुठे आहे? विधवांचा प्रश्न तर फारच बोलका आहे. १४७७ मध्ये राजा सोंगजोंगने मंत्र्यांचे मत विचारले, तेव्हा बहुसंख्य मंत्र्यांनी सांगितले की निराधार तरुण विधवेने दुसरे लग्न केले तर चालवून घ्यावे, बंधन तिसऱ्या लग्नावर असावे. राजाने मोजक्या कर्मठांचे ऐकले. त्या विधवेला कोणी तुरुंगात टाकणार नव्हते, तिच्या मुलाची परीक्षा बंद होणार होती, आणि खानदानी घरात एवढी धमकी पुरेशी होती. बहुसंख्य व्यवहारी माणसे एकीकडे असताना राजा ग्रंथाच्या बाजूने उभा राहतो, याला शास्त्राचा जोर नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

कावेरी

आपण दोघेही ‘पितृवंश’ हा शब्द गृहीत धरून वाद घालत आहात. माझी हरकत तिथेच आहे. जोसनमध्ये माणसाची पायरी बापावरून ठरत असती, तर मंत्र्याचा मुलगा तो कोणाच्याही पोटचा असला तरी मंत्र्याचा मुलगाच राहिला असता. तसे नव्हते. संहितेने त्याची किंमत अंकांत लिहून ठेवली आहे : सामान्य कुळातल्या उपपत्नीच्या मुलाला औरस मुलाच्या वाट्याचा एकसप्तमांश, दासी उपपत्नीच्या मुलाला एकदशांश. बाप तोच, घर तेच, फरक फक्त आईचा. परीक्षेला बसणाऱ्याने ज्या चार पूर्वजांची नावे द्यायची, त्यांत वडील, आजोबा, पणजोबा आणि चौथे नाव आईच्या वडिलांचे असे. आजोळ कच्चे असेल तर बाकीची तीन नावे कितीही मोठी असोत, उपयोग नाही.

म्हणून लग्न ही यांगबान घराण्याची खरी परीक्षा होती. एक चुकीची सोयरीक केली की पुढच्या पिढीची वाट बंद. (राजघराणे मात्र याला अपवाद. पन्नासहून अधिक वर्षे राज्य करणारा योंगजो अगदी हलक्या कुळातल्या बाईच्या पोटचा होता. प्रजेतल्या उपपत्नीपुत्राला जी पदे मिळत नव्हती, ती वाटणाऱ्या सिंहासनावर तो बसला होता.)

दप्तरदार म्हणतात तसे गोर्यो काळात सगळेच मोकळे होते असेही नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस बाक यू नावाच्या अधिकाऱ्याने लोकसंख्या वाढावी म्हणून अधिकाऱ्यांना उपपत्नी ठेवण्याची मुभा द्यावी असा अर्ज केला. दीपोत्सवाच्या मिरवणुकीत तो राजाच्या मागे चालत असताना एका म्हातारीने त्याच्याकडे बोट दाखवून ‘हाच तो उपपत्न्या मागणारा म्हातारा’ असे म्हटले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बायकांची बोटे त्याच्याकडे वळली. प्रस्ताव बारगळला, आणि दरबारी इतिहासकार कारण देतात की काही मंत्री आपापल्या बायकांना घाबरत होते. ज्या समाजात नवरा लग्नानंतर वर्षानुवर्षे सासुरवाडीला राहतो, त्या समाजात मंत्र्याने बायकोला घाबरणे अगदी साहजिक आहे.

नीलमोहर

कावेरी यांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो माझ्या बाजूचाच आहे असे वाटते. दप्तरदारांना मात्र विचारावेसे वाटते की कायदा पंधराव्या शतकात झाला आणि घरातली चाल सतराव्या शतकात बदलली, तर मधली दीड-दोनशे वर्षे शास्त्र काय करत होते? वराने वधूला आपल्या घरी आणून लग्न लावावे या चिनी विधीचा धडा घालून देण्यासाठी १४३५ मध्ये राजकन्येचे लग्न त्या पद्धतीने लावले गेले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी युलगोक यांच्या आई शिन साइमदांग यांचे लग्न झाले, तरी त्या पुष्कळ काळ गांगनंगला माहेरीच राहिल्या आणि युलगोक यांचा जन्म १५३६ मध्ये आजोळच्या घरात झाला. साइमदांग यांच्या वडिलांना पाच मुलीच होत्या, मुलगा नव्हता. त्यांनी दत्तक घेतला नाही. आजीने सोलमधले घर युलगोक यांना श्राद्ध चालवण्यासाठी दिले आणि गांगनंगचे घर दुसऱ्या एका लेकीच्या मुलाला कबरींची देखभाल करण्यासाठी. नातवाने आजोळच्या पितरांचे श्राद्ध करावे यात कोणाला काही वावगे वाटले नाही, आणि हे त्या काळच्या सर्वांत विद्वान शास्त्रपंडिताच्या घरात घडत होते.

साक्षेपी

आपले हेच उदाहरण आपल्या सिद्धान्ताला अडचणीचे आहे. जमिनीचे तुकडे पडू नयेत हा हेतू असेल तर ज्याला पुष्कळ मुलगे-मुली आहेत तो मुलींचा वाटा कापील, हे समजते. परंतु ज्याला मुलगाच नाही, तो भावाचा किंवा चुलतभावाचा मुलगा दत्तक का घेतो? एकुलत्या एका मुलीला सर्व दिले तर तुकडा पडतच नाही. तरीही सतराव्या-अठराव्या शतकांत अशी दत्तकविधाने भाराभर होऊ लागली. १४७६ मध्ये छापलेली आंदोंगच्या क्वोन कुळाची वंशावळ उपलब्ध वंशावळींत सर्वांत जुनी. तिच्यात मुलगे-मुली जन्मक्रमाने आहेत, लेकींच्या मुलांची पिढ्यान्‌पिढ्या नोंद आहे (इतकी, की एकूण नावांत क्वोन आडनावाचे लोक अल्पसंख्य ठरतात), एखाद्या मुलीचा दुसरा नवराही बिनदिक्कत लिहिला आहे, आणि मुलगा नसलेल्यांच्या नावापुढे दत्तक नाही, जागा तशीच रिकामी. नंतरच्या वंशावळींत आधी मुलगे, मग मुली, आणि मुलीच्या जागी केवळ जावयाचे नाव. हा बदल नुसत्या शेताच्या हिशोबाने उलगडत नाही.

त्याहून ठसठशीत उदाहरण यी ओनजोक यांचे (१४९१–१५५३). हे युलगोक यांच्या आधीच्या पिढीतले मोठे पंडित, यांगदोंग गावी आपल्या आजोळी, सोन कुळाच्या घरात जन्मलेले. विवाहित पत्नीपासून त्यांना मुलगा नव्हता, उपपत्नीपासून होता : यी जोनइन. वडिलांना राजकारणात हद्दपार करून उत्तरेकडील गांग्येला पाठवले तेव्हा हा मुलगा त्यांच्याजवळ राहिला, तिथे त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा मृतदेह एवढ्या दूरवरून गावी घेऊन आला. पण कुळाचा वारस ठरला तो दत्तक घेतलेला नातलग, यी उंगइन. पोटचा, कर्तबगार, सेवा करणारा मुलगा घरात असताना बाहेरचा घ्यायचा, यात जमीन वाचत नाही. वाचते ती कुळाची पायरी.

चौकस

सर्वांचे वाचतो आहे. एक शंका. ही पायरी आपण म्हणता तितकी पक्की होती का? देगू परिसरातील घरनोंदणीच्या वह्यांवरून केलेल्या जुन्या हिशोबात यांगबान कुटुंबे १६९० मध्ये ९.२ टक्के होती आणि १८५८ मध्ये ७०.३ टक्के. दहातली सात घरे खानदानी असतील तर खानदानीपणाला अर्थ काय उरला? वंशावळी विकत मिळत, पदव्या विकत मिळत. मला तर हे सर्व कर चुकवण्याचे प्रकरण दिसते.

कावेरी

चौकस, वहीत काय लिहिले आहे आणि मुलगी कोण देतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वहीत ‘विद्यार्थी’ अशी उपाधी लागली की लष्करी सेवेऐवजी भरायच्या कापडाच्या करातून सुटका होई, म्हणून ती सर्वांना हवी होती. विकत घेतलेल्या वंशावळीने कर सुटला, सोयरीक सुटली नाही. जुनी घराणी लग्नाच्या वेळी वही उघडत नसत, चार पिढ्यांतल्या सोयरिकी तोंडपाठ असत. उलट वहीतले यांगबान वाढले तसे खऱ्या यांगबानांनी लग्नाचे कुंपण अधिक उंच केले, असे म्हणायला जागा आहे.

नीलमोहर

साक्षेपी यांच्या दत्तकाच्या मुद्द्याला माझे उत्तर असे. एकुलत्या मुलीला सर्व दिल्याने तुकडा पडत नाही हे खरे, पण तो सबंध तुकडा जावयाच्या कुळात जातो. यांगदोंगचेच पाहा : यी कुळ त्या गावात जावई म्हणून आले आणि पुढे सोन कुळाच्या बरोबरीने गावाचे धनी झाले. हाहोए गावात तर हो आणि आन ही आधीची कुळे मागे पडली आणि र्यू कुळ उरले. सतराव्या शतकानंतर राजधानीतली पदे थोड्या घराण्यांच्या हाती एकवटली, विशेषतः १६९४ च्या दरबारी सत्तापालटानंतर ग्योंगसांग प्रांतातील (ही दोन्ही गावे याच प्रांतातली) पंडितांना दरबाराचे दार जवळजवळ बंद झाले. पद नाही म्हटल्यावर उरले गाव, तिथली भाऊबंदांची संख्या, कुळाचे सामायिक शेत आणि श्राद्धाचा वाडा. तेव्हा मुलगी बाहेर आणि पुतण्या आत हा निर्णय मला पूर्ण व्यवहारी वाटतो. शास्त्रात त्याला आधार सापडला, तो दीडशे वर्षे तिथेच पडून होता.

दप्तरदार

यी ओनजोक यांचा दत्तक १६९४ च्या कितीतरी आधीचा आहे, तेव्हा ते दार कोणासाठी बंद झाले नव्हते. आपली कारणपरंपरा तिथे लागू होत नाही. आणि आधार ‘पडून’ नव्हता. १६३६–३७ च्या मांचू स्वारीत पकडून नेलेल्या स्त्रिया खंडणी भरून परत आणल्या गेल्या, तेव्हा १६३८ मध्ये जांग यू या मंत्र्याने अर्ज केला की आपल्या परतलेल्या सुनेला सोडून मुलाचे दुसरे लग्न करण्याची परवानगी मिळावी, कारण तिच्या हातून पितरांचे श्राद्ध होणे योग्य नाही. मंत्री चोए म्योंगगिल यांनी विरोध केला : अशी मुभा दिली तर परक्या मुलखात अडकलेल्या स्त्रियांना सोडवून आणायला कोणी जाणार नाही. राजाने तेव्हा चोए यांचे ऐकले, तरी अनेक घरांनी त्या स्त्रियांना नांदवले नाही. यात कोणती जमीन वाचत होती, ते धागाकर्त्यांनी सांगावे.