फ्रेंच भूतकाळ: एत्र कधी, आव्वार कधी?

अनुस्वार: इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून पासे काँपोझे शिकतोय, म्हणजे एत्र (असणं) किंवा आव्वार (जवळ असणं) हे सहायक क्रियापद आणि पुढे कृदंत (क्रियापदाचं 'गेलेलं', 'खाल्लेलं' असं रूप) लावून होणारा भूतकाळ. 'ती गेली' म्हणजे 'एल एत आले' (एत्र), पण 'ती पायी चालली' म्हणजे 'एल आ मार्शे' (आव्वार). दोन्ही हालचालीच, मग सहायक क्रियापद वेगळं का? मराठीवरून काही ओळखता येतं का?

शब्दवेडी: हालचाल ही खूण धरू नका. जागा किंवा अवस्था बदलली असं सांगणारी मोजकी क्रियापदं एत्र घेतात: आले (जाणं), व्हनीर (येणं), पार्तीर (निघणं), आरिव्हे (पोचणं), सोर्तीर (बाहेर पडणं), तोंबे (पडणं), नेत्र (जन्मणं), मुरीर (मरणं). मार्शे (चालणं), कुरीर (धावणं), नाझे (पोहणं) यांत हालचालीची फक्त रीत कळते, कुठे पोचलात ते नाही, म्हणून आव्वार. रेस्ते (थांबून राहणं) या नियमात बसत नाही, तरी एत्रच घेतं. ते पाठच करा.

पैलतीर: मराठीची मदत होते, पण अर्धीच. 'तिने' आलं की बहुतेक वेळा आव्वार: तिने खाल्लं, एल आ माँझे. उलटं मात्र खरं नाही. ती बोलली, ती शिकली, ती विसरली यांत 'ने' नाही, तरी फ्रेंचमध्ये आव्वारच. आणि 'से' (स्वतःला) लागलेली क्रियापदं नेहमी एत्र घेतात, मराठीत 'तिने हात धुतले' असलं तरी.

खरी गंमत कर्मात आहे. आपण 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणतो, क्रियापद चिठ्ठीप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये आव्वारबरोबर हे फक्त कर्म आधी आलं तरच होतं. 'झे एक्री ला लेत्र', पण 'ला लेत्र क झे एक्रीत', म्हणजे 'मी लिहिलेली चिठ्ठी'. इथे शेवटचा 'त' ऐकू येतो. माँझेसारख्या रूपात उच्चार तोच राहतो, जादा 'ई' (e) फक्त लिहिताना लागतो. त्यामुळे बोलताना न कळणारी चूक लेखी परीक्षेत गुण घालवते.

अनुस्वार: सोर्तीर दोन्हींबरोबर दिसलं. छपाईची चूक?

शब्दवेडी: चूक नाही. 'एल ए सोर्ती', ती बाहेर पडली. 'एल आ सोर्ती ला क्ले', तिने किल्ली बाहेर काढली. थेट कर्म आलं की आव्वार. माँते (चढणं) आणि देसाँद्र (उतरणं) यांचंही तसंच: जिना चढलात, बॅगा वर नेल्यात, दोन्हीकडे कर्म आहे, म्हणून आव्वार. एत्र असेल तर ('से' लागलेली क्रियापदं सोडून) कृदंत कर्त्याप्रमाणे बदला: बाई असेल तर 'ई', अनेक असतील तर 'एस', अनेक बायका असतील तर दोन्ही.